चौथ्या फ्रेमच्या डाव्या कडेचा हात

तेजराम नंदागवळी यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. लेन्सची रिंग ते आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवतात. वय त्रेपन्न. लाखनीत महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, पंक्चरचं दुकान आणि कृषी केंद्र यांच्यामध्ये त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गाळा नऊ फूट रुंद, चौदा फूट खोल. काउंटरवर मुलगी रश्मी बसते. बाहेरून भरलेला ट्रक गेला की जमीन थरथरते, म्हणून तेजराम आधी ट्रक जाऊ देतात आणि मग बटण दाबतात.

काचेच्या कपाटात आज एकच लेन्स आहे. दोन वर्षांपूर्वी तीन होत्या, तिन्ही चेहऱ्यासाठीच्या. पहिली ८५ मिलिमीटर, अपर्चर १.८. हलकी, स्वस्तातली, फोकस झटकन पकडणारी. दुसरीही ८५च, पण अपर्चर १.४. वजनाला दुप्पट आणि पुढची काच बशीएवढी. पाच फुटांवरून ती पूर्ण उघडी ठेवून फोटो काढला तर पापणी धारदार येते आणि कान विरघळतो. इंचभर जागा तेवढी स्पष्ट, बाकी सगळं धूसर. १.८ ला ती जागा सव्वा इंचाच्या थोडी वर जाते.

"इंच अन् सव्वा इंच, फरक काय, असं लोक म्हणतेत," तेजराम सांगतात. "नवरीनं मान हालवली का समजते."

तिसरी १३५ मिलिमीटर, अपर्चर २. ती दुकानात चालतच नाही. माणूस चौकटीत बसवायचा तर इतकं मागे सरावं लागतं की फोटोग्राफरची पाठ रस्त्यावर जाते. ती लग्नात, मंडईच्या जत्रेत आणि शंकरपटात वापरायची. लांबून काढल्यामुळे नाक फुगत नाही, चेहरा आहे तसा येतो, आणि समोरचा माणूस कॅमेरा विसरतो. तिची खोड एकच. मागचं पुढे येतं. तलावाची पाळ दोनशे फुटांवर असली तरी खांद्याला टेकल्यासारखी दिसते.

गावाकडच्या गिऱ्हाइकांना हे धूसर प्रकरण सुरुवातीला पटत नसे. एक जण १.४ वर काढलेला फोटो घेऊन परत आला होता.

"का जी, मागं माहा नवा ट्रॅक्टर उभा होता. कुठी गेला?"

"हाय ना भाऊ. तो हिरवा ढग दिसून राहिला ना, तोच."

"ढग आणला काय मी शोरूममधून?"

तेजरामांचे वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते. कामगार वसाहतीत ओळखपत्रांचे फोटो काढायला तुमसरहून एक फोटोग्राफर येई. तेजराम त्याची पेटी उचलायचे, मग पडदा धरायचे, मग कॅमेरा. लग्न झाल्यावर लाखनीत आले आणि हा गाळा घेतला. पुढची अठरा वर्षं स्टुडिओसोबत आणखी एक काम चाललं. पंचनाम्याचे फोटो.

त्या काळात हवालदारांकडे कॅमेरे नव्हते. महामार्गावर कोणी चिरडलं, झाडाला कोणी लटकलं, शेतात कोणी कापलं गेलं, की तेजरामांना बोलावणं यायचं. ट्रकच्या चाकाखालून फावड्यानं गोळा केलेला माणूस त्यांनी काढला. धानाच्या बांधीत पडलेली, मानेवर कुऱ्हाडीचे चार घाव असलेली बाई काढली. तिचा नवरा दहा पावलांवर बसून तंबाखू मळत होता, तोही काढला. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवायची, हे एका म्हाताऱ्या जमादारानं शिकवलं. त्यानंच बजावलं होतं की घटनेच्या जागेचा फोटो लांबच्या लेन्सनं कधी काढायचा नाही, अंतर खोटं पडतं. आणि ज्या दिवशी रक्त पाहिलं त्या दिवसाचं मेमरी कार्ड पुन्हा वापरायचं नाही. लिफाफ्यात घालायचं, तारीख टाकायची, तोंडावर सही करायची, वर लाख लावायची. हवालदारांच्या हाती मोबाइल आले तसं हे काम बंद पडलं. लिफाफ्याची सवय राहिली.

स्टुडिओच्या धंद्यानं लावलेली सवय निराळी. चौकटीच्या कडेला कोणाचा परका हात, कोपर, पदर आला की तो कापून टाकायचा. लग्नाच्या एका अल्बममधून असे शेदोनशे हात निघतात.

२०२४ च्या जानेवारीत, दुसऱ्या रविवारी, लाखनीपासून अकरा किलोमीटरवरच्या खैरटोल्यात शंकरपट होता. बैलजोड्यांच्या शर्यती. पट समितीचे अध्यक्ष मधुकरराव कापगते, गावातले मोठे धानशेतकरी. त्यांची स्वतःची जोडीही शर्यतीत होती आणि ती हाकायला पुतण्या गोलू. तेजरामांना समितीनं जोड्यांचे आणि मानकऱ्यांचे फोटो काढायला बोलावलं होतं. सकाळी त्यांनी ८५ नं गोलूचा बैलांसोबत फोटो काढला. कासरा अंगठ्याला कापू नये म्हणून हाकणारे अंगठ्याला काहीतरी गुंडाळतात. बहुतेक जण चिंधी बांधतात. गोलूनं उजव्या अंगठ्याला निळा इन्सुलेशन टेप गुंडाळला होता. वर म्हणाला, "काका, टेप दिसला पाहिजे. स्टाइल हाय."

शेवटच्या फेरीत दोन जोड्या उरल्या. एक मधुकररावांची. दुसरी अनुप शिवणकर हाकत होता. अनुप सव्वीस वर्षांचा, बुटका, भांडखोर. सकाळीच त्याची झेंडीवाल्याशी बाचाबाची झाली होती. झेंडीवाला म्हणजे धनंजय हटवार, चौतीस वर्षांचा शेतकरी. शेवटच्या रेषेवर उभा राहून कोण आधी आलं ते तोच सांगायचा. पावणेचारला फेरी सुटली. दोन्ही जोड्या रेषेवर सोबतच आल्या. धनंजयनं झेंडी आडवी धरली. फेरी पुन्हा घ्या.

दोन्ही बाजू उसळल्या. छकड्यांना लावलेल्या उभाऱ्या, म्हणजे बाजूचे लाकडी खुंटे, लोकांनी उपसून हातात घेतल्या. प्रत्येक उभारी साडेचार फुटांची, टोकाला निमुळती, बुडाला मनगटाएवढी. धनंजय जागचा हलला नाही. समितीला त्याचा फोटो हवा होता आणि तेजराम तीस फुटांवर बांबूच्या कठड्यामागे १३५ लावून उभे होते. त्यांनी हाक मारली, "धनंजयभाऊ, झेंडी खांद्यावर घ्या अन् इकडे पाहा." धनंजयनं पाहिलं, हसला. तेजरामांनी बटण दाबून धरलं.

सहा फ्रेम निघाल्या. पहिल्या तीनमध्ये धनंजय हसतो आहे. चौथीत त्याची मान वळते आहे. पाचवी कोणाच्या तरी पाठीनं भरली आहे. सहावीत धनंजय नाही.

पहिला घाव उजव्या कानाच्या वर बसला. तो गुडघ्यांवर आला. मग कोणी कोणी मारलं याची मोजदाद नाही. शवविच्छेदनात डोक्यावर तीन आणि पाठीवर नऊ घाव निघाले. पहिल्यानंच कवटी फुटली होती. तेजराम कठडा ओलांडून पोहोचले तेव्हा झेंडीचं फडकं धनंजयच्या तोंडाखाली होतं आणि त्याचा डावा डोळा बाहेर आला होता.

"मी फ्रेममधे डोळाच पाहत होतो," ते सांगतात. "तोच डोळा."

तासाभरात मधुकरराव स्टुडिओत आले. "तेजराम, पोलिसाले फोटो पायजे. तुह्याजवळ काही आलं काय?"

तेजरामांनी फ्रेम उघडल्या. चौथीत धनंजयच्या उजव्या खांद्यामागे अनुप होता, उभारी डोक्यावर उगारलेली, तोंड उघडं. जरासा धूसर होता. जुने, पुसट फोटो साफ करायला स्टुडिओत एक सॉफ्टवेअर आहे. मेलेल्यांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोंना ते नाक-डोळे परत देतं. तेजरामांनी अनुपचा चेहरा त्यातून काढला. चेहरा लख्ख झाला. डाव्या कडेला कोणाचा तरी हात चौकटीत शिरला होता. तो त्यांनी कापला. या दोन गोष्टींना मिळून चार मिनिटं लागली.

"हात कोणाचा म्हणून पाहिलं नाई?" रश्मीनं नंतर विचारलं.

"हात पाहाचा नसते. कापाचा असते. तीस वर्षं तेच केलं."

फोटो पोलिसांकडे जायच्या आत गावाच्या प्रत्येक मोबाइलवर गेला. त्यात अनुप धनंजयच्या मानेवर उभा असल्यासारखा दिसत होता.

साडेपाचला दोनेकशे माणसं अनुपच्या घरी गेली. त्याला अंगणात ओढलं. आई लीलाबाई मधे पडली, तिला लाथ बसली, दोन बरगड्या मोडल्या. अनुपचा उजवा हात अंगणातल्या पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं ठेचला, मनगटापासून बोटांपर्यंत, म्हणजे पुन्हा कासरा धरायला नको. दोघांनी खांदे धरले होते, एक जण मोजत होता. गोठा पेटवला. शर्यतीतला एक बैल दावं तोडून पळाला. दुसरा दाव्यालाच जळाला आणि बराच वेळ ओरडत राहिला. पोलीस आले तेव्हा अनुप बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर त्याला सांगण्यात आलं की तो खुनाचा आरोपी आहे.

अनुपचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "मारालेच धावलो होतो. पण गोलूले. मी पोचाच्या आत गोलूनं झेंडीवाल्याले हाणलं." कोणी ऐकलं नाही. फोटो बोलत होता. सहा साक्षीदारांनी जबाब दिले की अनुप अगदी पाठीशी उभा होता. त्यांतल्या चौघांनी जबाबाआधी तो फोटो पाहिला होता. तेजरामांनीही इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या कलम पासष्ट-ब च्या प्रमाणपत्रावर सही केली. छापील मजकुरात एक ओळ होती, फोटोत कोणताही बदल केलेला नाही. त्यांनी ती वाचली होती. साफ करणं आणि कडा कापणं हा बदल आहे, असं त्यांना वाटलं नाही.

तेरवीसाठी धनंजयची बायको तृप्ती मोठा फोटो मागायला आली. तेजरामांनी त्या दिवसाच्या लिफाफ्याची लाख फोडली, कार्डावरून पहिली फ्रेम घेतली. झेंडी खांद्यावर, हसणारा धनंजय. मोठा करण्याआधी चारही कोपरे तपासावे लागतात. ते तपासताना बोट पुढे गेलं आणि चौथी फ्रेम पडद्यावर उघडली. न कापलेली.

डाव्या कडेला हात होता. उगारलेला, मुठीत उभारी, अंगठ्यावर निळा टेप. टेपाची सुटलेली कड दिसत होती, मुठीवरचे केस मोजता येत होते.

तेजराम उठून पाणी प्यायले. तेरवीचा फोटो त्यांनी करून दिला. कार्ड नव्या लिफाफ्यात घातलं, पुन्हा लाख लावली.

त्यांना जे कळलं ते असं. तीस फुटांवर फोकस असेल आणि १३५ पूर्ण उघडी असेल, तर पावणेदोन फुटांच्या पट्ट्यातलं तेवढं धारदार येतं. धनंजय त्या पट्ट्यात होता. निळा टेप त्या पट्ट्यात होता. अनुप नव्हता. म्हणजे अनुप मागे होता. किती मागे, ते मोजता येण्यासारखं होतं, कारण धूसरपणा अंतराप्रमाणे वाढतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते रश्मीला घेऊन खैरटोल्याच्या मैदानात गेले. कठड्याचे बांबू अजून रोवलेले होते. धनंजय उभा होता तिथे त्यांनी एक बांबू ठोकला, त्यावर छापील कागद चिकटवला. मागे दर फुटाला एक, असे पंधरा. तिन्ही लेन्स आळीपाळीनं लावल्या. ८५च्या १.८ वर चार फुटांचा पट्टा स्पष्ट आला, मागच्या बांबूंमधला फरक नीट कळेना. १.४ वर पट्टा तीन फुटांवर आला. १३५ वर प्रत्येक बांबू आपला आपला वेगळा धूसर झाला. रश्मीनं चौथी फ्रेम लॅपटॉपवर शेजारी लावली. अनुपच्या हातातल्या उभारीची कड अकराव्या बांबूच्या कडेएवढी पसरली होती.

"बाबा, उभारी साडेचार फूट. हात अडीच," रश्मी म्हणाली. "सात झाले."

"अन् तो अकरावर."

"मंग तुमच्या फोटोत तो एवढा मोठा काहून दिसते?"

"तीस फुटावरून तो बुटका दिसते, दूर दिसत नाई. मोबाइलनं जवळून काढला असता तं धनंजयच्या तिसऱ्या हिश्शाचा दिसला असता. कोणीच फसलं नसतं." बांबू उपटत ते म्हणाले, "जमादार सांगून गेलता मले."

ते तपास अधिकाऱ्याकडे गेले. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"नंदागवळी, बदल केला नाही म्हणून सही कोणाची?"

"माही."

"मग आता काय लिहू? तुमची आधीची सही खोटी का आताचं बोलणं खोटं? चार्जशीट तयार आहे. कोर्टात सांगा काय सांगायचं ते. आत जायची तयारी ठेवून सांगा."

मैदानाला लागूनच मधुकररावांची बांधी आहे. बांबू ठोकणारे बाप-लेक तिथल्या मजुरांनी पाहिले होते. तिसऱ्या दिवशी, आठवडी बाजाराच्या गर्दीत, दुपारी बाराला गोलू दोघांना घेऊन दुकानात शिरला. येताना त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याची लोखंडी टॉमी उचलून आणली होती, टायर उचकायची सळई.

"तेजरामकाका, भिंगं मोजून राहिले म्हणे?"

गोलू कपाटासमोर जाऊन उभा राहिला.

"कोणतं भिंग जास्त चांगलं? आमाले बी सांगा."

त्यानं कपाट उघडून १३५ काढली, काउंटरवर उभी ठेवली आणि टॉमी घातली. तीन घावांत काच आणि पितळ वेगळं झालं. मग १.४. ती पहिल्या घावाला फुटली नाही, गडगडत खाली गेली, त्यानं जमिनीवर ठेचली. तेजराम वाकले तसा दोघांनी त्यांचा डावा पंजा धरून काउंटरवर सपाट केला. गोलूनं विचारलं, "फोकस या हातानं करता ना?" आणि मारलं. दोनदा. रश्मीनं लाइटचा स्टँड उचलून एकाच्या तोंडावर घातला, त्याचे दोन दात पडले. त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. कपाळावर सहा टाके आहेत. कॉम्प्युटर, लॅपटॉप, हार्ड डिस्क घेऊन ते गेले. बाहेर बाजार चालू होता. पंक्चरवाल्यानं टॉमी धुऊन परत जागेवर ठेवली.

१.८ वाचली. ती पडद्यामागे कॅमेऱ्याला लावलेली होती. लिफाफा वाचला. तो घरी, पत्र्याच्या पेटीत, इतर सव्वीस लिफाफ्यांखाली होता.

तेजरामांनी तक्रारीत लिहिलं, अनोळखी इसम.

हे ते लपवत नाहीत. दीड वर्ष ते गप्प राहिले. पत्नी तुळसा म्हणाल्या, "अवो, एक हात गेला. दुसरा तरी राहू द्या. पोरीचं डोस्कं फुटलं, दिसत नाई काय तुमाले?" त्यात तेजरामांना खोटं काढता आलं नाही. अनुप तुरुंगात होता. ठेचलेला हात दोनदा उघडून शिवला आणि शेवटी तीन बोटं काढली. लीलाबाई एकदा दुकानात आली. बरगड्या जुळल्या होत्या, पण ती एका बाजूनं कलूनच उभी राही.

"फोटोवाले भाऊ, पोट्ट्याले तुमी फोटोत आणलं. आता तुमीच बाहेर काढा."

"बाई, माह्या हातात काही नाई."

तिनं त्यांच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. "हो. तेवढं दिसून राहिलं," म्हणाली आणि गेली.

जुलै २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात साक्षीचं समन्स आलं. सरकारी पक्षाचे साक्षीदार क्रमांक नऊ. आदल्या संध्याकाळी तेजरामांनी पेटी उघडून लिफाफा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. तुळसाबाई पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सोबत निघाल्या आणि रश्मीला मामाकडे पाठवून दिलं.

सरकारी वकिलांनी मोठा केलेला फोटो दाखवला. "हा तुम्ही काढला?"

"काढला मी."

"जसाच्या तसा आहे?"

"नाई साहेब. हा अर्धा हाय. अन् जो हाय तो बी मी घासूनपुसून देल्ला."

वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं. खोट्या प्रमाणपत्राची शिक्षा किती, ते वाचून दाखवलं. किती पैसे मिळाले, असं विचारलं. तेजरामांनी लिफाफा काढून न्यायाधीशांसमोर ठेवला. लाख फोडलेली नव्हती. तोंडावरच्या सहीखाली तारीख होती.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात तृप्ती हटवार समोर आली. तिनं चप्पल काढली आणि तेजरामांच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. "माह्या नवऱ्याच्या मारेकऱ्याले सोडवाले आला? तेरवीचा फोटो देताना लाज नाई वाटली?" तुळसाबाई पुढे झाल्या, तिनं त्यांनाही ढकललं. तेजरामांच्या ओठातून रक्त आलं. त्यांनी रुमाल धरला आणि पुढची साक्ष रुमाल धरूनच दिली.

कार्ड तज्ज्ञांकडे तपासायला गेलं, पाच आठवड्यांनी परत आलं. बचाव पक्षाच्या वकील मोना रहांगडाले यांनी न्यायालयाच्या आवारात प्रयोग मागितला आणि न्यायाधीशांनी तो दिला. उसनी आणलेली १३५, सहा ज्युनिअर वकील, एक चुन्याची रेष. एकाच्या हातात उभारी दिली आणि आधी सात फुटांवर, मग अकरावर उभं केलं. तेजराम तीस फुटांवर गुडघा टेकून बसले. रिंग फिरवायला त्यांना वेळ लागत होता.

"घाई नाही," न्यायाधीश म्हणाले.

दोन्ही फोटो पडद्यावर लागले, शेजारी मूळ चौथी फ्रेम. सात फुटांवरच्या उभारीची कड बरीच नीट होती. अकरावरची अनुपच्या उभारीसारखीच पसरलेली. मग वकिलांनी डावी कड मोठी केली. मूठ, टेप, टेपाची सुटलेली कड. त्याच सकाळी काढलेला गोलूचा बैलांसोबतचा फोटोही त्याच कार्डावर होता. तोच टेप, तीच कड.

तृप्ती मागच्या बाकावरून उठली. कोणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

"या हातानं तिरडी उचलली होती," ती म्हणाली. "पुढून, उजव्या खांद्यावर." मग तिला बाहेर नेलं.

गोलूला त्याच आठवड्यात अटक झाली. निघण्याआधी त्यानं अटक करायला आलेल्या शिपायाच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली, त्याचा वेगळा खटला आहे. मधुकररावांची चौकशी चालू आहे. अनुपचा हात ज्यांनी ठेचला त्यांच्यातलं एकही नाव पुढे आलेलं नाही. तो प्रसंग कोणी फोटोत घेतला नव्हता. ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं अनुपला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. त्याच निकालपत्रात तेजराम नंदागवळी यांच्यावर खोट्या प्रमाणपत्राबद्दल कारवाई करण्याचा आदेश आहे. पहिली तारीख लागली आहे.

सुटल्यावर नवव्या दिवशी, सकाळी अकराला, अनुप स्टुडिओत आला. रश्मी काउंटरवर होती. तेजराम स्टूल सरकवत होते. अनुप सरळ आत गेला आणि डाव्या मुठीनं त्यांच्या तोंडावर मारलं. ते पडद्यासकट खाली गेले. रश्मीनं स्टँड उचलला.

"ठेव पोरी," जमिनीवरून तेजराम म्हणाले. "ठेव तो."

अनुप उभा होता. पुन्हा मारेल असं वाटत होतं. मग त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

"पासपोर्ट साइज काढाचे हाय. आधार अपडेट होत नाई. बोटं जुळत नाई म्हणते मशीन. अर्जाले फोटो लागते."

तेजराम उठले, पडदा टांगला, तोंडातलं रक्त नळावर थुंकून आले. कॅमेऱ्याला १.८ लावली. पासपोर्टला छातीपर्यंतच घ्यायचं असतं. ट्रक जाऊ दिला, बटण दाबलं. आठ प्रतींचा कागद प्रिंटरमधून येत होता तेव्हा अनुप म्हणाला, "आता एक मोठा काढा. हात येईल असा."

त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला. अंगठा, करंगळी आणि मधे शिवण.

चौदा फुटांत ८५ मध्ये चेहरा आणि मांडीवरचा हात मोकळेपणानं मावत नव्हते. तेजराम मागे सरत सरत उंबरठ्यावर आले, मग पायरी उतरून सर्व्हिस रोडवर गेले. एक दुचाकीवाला शिवी देऊन गेला. अपर्चर त्यांनी आठवर नेलं, म्हणजे डोळ्यापासून हातापर्यंत सगळं धारदार यावं. मध्ये रश्मीचं कोपर चौकटीच्या कडेला येत होतं. ती सरकायला लागली.

"राहू दे," तेजराम म्हणाले आणि बटण दाबलं.

तो फोटो अनुपनं नेला. बारा बाय अठराचा, कोपरासकट.